लोखंडी कढई

रिपोर्टवर एक आकडा होता, पाच पूर्णांक चार.
डॉक्टर बदरियांनी त्याभोवती निळ्या पेनानं गोल काढला.
"थॅलेसेमिया मायनर. घाबरू नका,
नवऱ्याच्या रक्तात काही नाही, बाळ बरं असेल.
हे आईकडून आलंय की वडलांकडून?"

शेजारच्या खुर्चीत आई.
मांडीवर पर्स, पर्समध्ये स्टीलचा डबा,
डब्यात अळिवाचे दोन लाडू.
तिसरा तिनं मला लिफ्टमध्येच भरवला होता.

"माहीत नाही," मी म्हटलं, "मी दत्तक आहे."
डॉक्टरांनी मान हलवली
आणि फॉर्मवरच्या दोन्ही चौकोनांतून
एकच तिरकी रेघ ओढली.

टॅक्सी मुहर्रकच्या पुलावर आली तरी आई बोलली नाही.
खाली ओहोटी. चिखलात कलंडलेली होडी.

सहा महिन्यांची असताना साताऱ्याच्या संस्थेतून आले मी,
सोबत एक कागद: वजन, लसी, प्रकृती ठीक.
दर सुट्टीत कऱ्हाडला इंदूआत्या
अंगठ्यानं माझी पापणी खाली ओढून बघायची.
"फिकी गं पोर. खायला घालतेस ना नीट? की..."
त्या 'की'च्या पुढे ती कधी गेली नाही.
गरजच नव्हती. आई पुढचं सगळं ऐकायची.

बाबा हिद्दच्या गोदीत जहाजांचा गंज खरवडायचे,
घरी येत तेव्हा घामालाही लोखंडाचा वास.
आई म्हणायची, बाप दिवसभर लोखंडात
आणि पोरीच्या अंगात टाचणीएवढं नाही!

मग तिनं कढई आणली.
वीस किलोंच्या सामानातले चार किलो एकट्या कढईचे,
त्यापायी बाबांची पुस्तकं मागे राहिली.
त्या कढईत मेथी, माठ, शेपू, कुळथाचं पिठलंसुद्धा.
दात काळे करणारं सिरप, स्ट्रॉनं.
रोज सकाळी दोन खजूर, खलास जातीचे.
नाव तिला अशुभ वाटायचं,
म्हणून आमच्या घरात त्यांना 'ते गोड' म्हणत.

शाळेच्या तपासणीत दर वर्षी दहाच्या आसपास.
दर वर्षी त्या रात्री आई
स्वयंपाकघरातला दिवा उशिरा बंद करायची.

घरी आल्यावर तिनं चप्पल काढली, पंखा लावला,
पदरानं मान पुसली. मग विचारलं,
"म्हणजे लोह कमी नव्हतंच?"
नव्हतं.
"कधीच?"
कधीच नाही, आई. पेशीच लहान आहेत, जन्मापासून.
"मग मी कमी नव्हते पडले."
हा प्रश्न नव्हता. तरी मी नाही म्हटलं,
आणि ती ओट्याला धरून
खूप वेळ उभी राहिली.

संध्याकाळी तिनं कऱ्हाडला फोन लावला.
इंदूआत्याला हल्ली कोणी ओळखू येत नाही,
सून फोन कानाशी धरते एवढंच.
आईनं आकडा सांगितला. पुन्हा सांगितला, सावकाश,
दहावीचे मार्क सांगावेत तसा.
पलीकडून आत्या म्हणाली, "जेवलीस का?"

रात्री मला झोप आली नाही.
कुणीतरी आहे कुठेतरी, बाई किंवा पुरुष,
जिने चढताना मधल्या पायरीवर थांबणारं,
कुणी त्याची पापणी ओढून बघितली असेल किंवा नसेल.
कागदावर न लिहिलेली ही एकच वस्तू
त्यानं माझ्यासोबत पाठवली,
आणि मी ती एकोणतीस वर्षं
कशाची आहे ते न कळता वापरली.
राग शोधला. सापडला नाही.
पोटातल्यानं कूस बदलली.

पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दिवा.
आई कढईला तेलाचा हात लावत होती.
इथली हवा खारट, एका रात्रीत गंज धरते.
मी म्हटलं, आता कशाला, आई?
"कशाला म्हणजे?" ती म्हणाली.
"उद्या मेथी आहे."